तेच इंजिन, की दुसरे?



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. याच महिन्यात एका घरी भेट द्यायला गेलो असता टेबलावर खेळण्यातल्या आगगाडीचे जुने इंजिन सुटे करून ठेवलेले दिसले. घरातील वडीलधारे गृहस्थ रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील बोटीवर नोकरीला होते. १९५६ साली त्यांनी लिव्हरपूलहून हे 'हॉर्नबी डब्लो' इंजिन मुलांसाठी आणले होते. मेकॅनो कंपनी १९३८ पासून ही इंजिने लिव्हरपूललाच बनवीत असे. तो कारखाना १९७९ साली बंद पडला.

इंजिन कित्येक वर्षे कपाटात पडून होते. आतले तेल सुकून डिंकासारखे झाले होते, ते त्यांनी स्पिरिटने काढले. मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश बदलले, कम्युटेटरवरची काजळी पुसली. चुंबक क्षीण झाला की मोटर जास्त वीज खाते, तापते आणि तरी डबे ओढत नाही. म्हणून त्याला पुन्हा चुंबकत्व देऊन आणले. युद्धापूर्वीच्या काही इंजिनांना एक रोग जडतो. जस्तात शिसे मिसळले गेलेले असले, तर ओतीव धातू काही वर्षांनी आतून फुगतो, तडकतो, आणि मग इलाज नसतो. हे इंजिन त्यातून वाचले होते.

"फादर," त्यांनी विचारले, "इतके बदलल्यावर हे बाबांचेच राहिले का?"

सेमिनरीत हा प्रश्न आम्ही थीसियसच्या जहाजावरून शिकलो होतो. फळ्या एकेक बदलत गेल्या, तर जहाज तेच का? आम्ही लगेच संत आगस्तीनची आठवण काढली. देहाच्या पुनरुत्थानाविषयी लिहिताना ते मूर्तीचे उदाहरण देतात: मूर्ती वितळवून त्याच धातूची पुन्हा घडवली, तर हाताचा कण पायात गेला म्हणून बिघडत नाही.

"पण तिथे धातू तरी तोच राहतो," ते म्हणाले. "मी तर जुने ब्रश टाकून दिले."

उत्तर आम्हाला सुचले नाही. आपल्या देहातले द्रव्यही आयुष्यभर बदलतच असते, एवढे म्हणालो. त्यांचे समाधान झाले नाही. खरे तर आमचेही नाही.

मग आमचे लक्ष रंगाकडे गेले. पुढच्या बाजूला रंग उडून धातू उघडा पडला होता. लहानपणी भावाच्या हातून ते जिन्यावरून पडले, आणि बाबा रागावले नाहीत, असे ते म्हणाले. एवढे कौशल्य असून तिथे त्यांनी रंग लावला नव्हता. जे चालण्याच्या आड येत होते ते बदलले, जे घडून गेले होते ते राहू दिले. पेटीतून कधी न काढलेल्या इंजिनाला संग्राहक जास्त पैसे मोजतात म्हणे. आम्हाला मात्र हेच बरे वाटले.

पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होतेच, आणि त्यावरूनच शिष्यांनी त्याला ओळखले. हुतात्म्यांच्या देहावरील व्रण स्वर्गातही दिसतील, असे आगस्तीननेच दुसरीकडे लिहिले आहे. हे आम्ही त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी बारा व्होल्टची वीज जोडली.

इंजिनाने दोन फेऱ्या मारल्या आणि तिसरीला वळणावर अडले. "चाके पुन्हा पुसावी लागतील," म्हणत त्यांनी फडके उचलले.