दृश्य झालेला डोळा

सफाळ्याहून पश्चिमेस निघालेला रस्ता जिथे संपतो आणि वैतरणा जिथे समुद्रास मिळते, त्या दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर होडी हाकणाऱ्या किंवा बागायत राखणाऱ्या माणसाची नजर ही त्याची खरी मिळकत होय. अशा माणसाला मधुमेह जडला, किंवा मोतीबिंदूची शंका आली, म्हणजे डोळ्याचा आतला भाग पाहण्यासाठी नेत्रवैद्य त्याच्या डोळ्यांत बाहुली विस्फारणारे थेंब घालतो. आणि मग काही तास त्या इसमास जवळचे अक्षर लागत नाही व ऊन सोसवत नाही. दृष्टी राखण्यासाठीच का होईना, ती प्रथम हिरावून घेतली जाते. हिताच्या हेतूने दुसऱ्याचे काही हिरावण्याची मुभा कोणास आणि कोणत्या अटीवर, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच धर्माचाही आहे.

‘दृग्दृश्यविवेक’ या वेदान्ताच्या प्रकरणग्रंथाची पहिली पायरीच अशी की, रूपाचा द्रष्टा असलेला डोळा मनाच्या दृष्टीने स्वतःच दृश्य ठरतो, आणि ते मनही साक्षीचे दृश्य होते. 1851 साली हेल्महोल्ट्झने नेत्रदर्शक यंत्र सिद्ध केल्यापासून जिवंत माणसाचे नेत्रपटल परक्या माणसासही दिसू लागले. परंतु वेदान्त्याचा डोळा दृश्य झाला तो त्याच्याच अंतरंगात. इथे तो दुसऱ्याच्या समोर होतो, आणि जे केवळ दृश्य झाले त्यास वस्तू समजण्याचा मोह मनुष्यास फार लवकर पडतो. बाकावर ओळीने बसलेल्या वृद्धांच्या डोळ्यांत, एका शब्दानेही विचारपूस न करता, थेंब टाकीत जाणे हा मला त्या मोहाचाच प्रकार वाटतो, आणि त्यात त्वरेहून मोठा दोष आहे असे मी मानतो.

कारण हे द्रव्य निरुपद्रवी नव्हे. 1833 साली बेलाडोना वनस्पतीतून जर्मन रसायनज्ञांनी शुद्ध स्वरूपात मिळविलेले अ‍ॅट्रोपीन हे, महाशिवरात्रीस शंकराला आपण ज्याचे फूल व फळ वाहतो त्या धोत्र्यातही असते. हलाहल गिळलेही नाही व टाकलेही नाही, कंठातच रोखून धरले, ही शिवाची कथा मला या प्रसंगी फार अर्थपूर्ण वाटते. डोळ्यांतला थेंब अश्रुनलिकेवाटे नाकाघशात उतरतो व तिथून रक्तात मिसळतो, सबब थेंब घातल्यावर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरणे, म्हणजे विषाला त्याच्या नेमल्या जागी रोखणेच होय. लहान मुलांच्या बाबतीत तर याची विशेष गरज असते. बाहुली विस्फारणारे सायक्लोपेंटोलेट किंवा अ‍ॅट्रोपीन अधिक शोषले गेल्यास मूल तापते, लाल होते, भ्रमिष्टासारखे बडबडू लागते. त्याच कामी येणाऱ्या फेनिलेफ्रिनने रक्तदाब चढू शकतो, म्हणून हृदयविकाराच्या रुग्णास 10 टक्क्यांचे द्रावण टाळून 2.5 टक्क्यांचे वापरावे.

सर्वांत गंभीर भय निराळेच आहे. ज्यांच्या डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ असतो, त्यांच्यात बाहुली विस्फारली असता आतील जलाचा निचरा क्वचित अकस्मात तुंबतो व काचबिंदूचा तीव्र झटका येतो. आपला डोळा असा आहे हे बहुतेकांस ठाऊकच नसते. त्यामुळे थेंबांपूर्वी तिरप्या उजेडात किंवा यंत्राखाली तो कप्पा पाहणे, पूर्वीचा काचबिंदू, हृदयविकार, चालू औषधे व अ‍ॅलर्जी यांची चौकशी करणे, आणि पुढे काय होणार ते समजावून संमती घेणे, ही तपासणीआधीची औपचारिकता नसून समोरचा माणूस दृश्य झाला तरी द्रष्टाच आहे या सत्याची कबुली आहे. अहिंसेचा अर्थ वैद्याच्या हाती याहून वेगळा असू शकत नाही.

रुग्णाचेही कर्तव्य आहे. या थेंबांपैकी ट्रोपिकामाइडचा अंमल साधारण चार ते सहा तास, सायक्लोपेंटोलेटचा दिवसभर, अ‍ॅट्रोपीनचा आठवडा-दोन आठवडे राहतो. तोवर मोटारसायकल चालवू नये, होडी बाहेर काढू नये, उन्हात गडद चष्मा लावावा आणि घरचे कोणी बरोबर न्यावे. त्या दिवशी किंवा रात्री डोळा ठणकू लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली किंवा डोकेदुखीसह उलटी झाली, तर पित्त समजून सकाळची वाट पाहू नये. रात्रीच पालघर वा मुंबईच्या नेत्ररुग्णालयाचा दरवाजा ठोठावावा व थेंब घातल्याचे प्रथम सांगावे.