अंबर या नावाचा मालक

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तिच्या पाठीत धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात. नाव ठेवण्याचा हा विधी इतका मायेचा, की ते दुसऱ्या एखाद्या रीतीनेही ठेवले जात असेल हे आपल्या मनातही येत नाही. परंतु आपल्या मराठवाड्यात ज्याने सतरावे शतक गाजवले, त्या मलिक अंबरचे नाव ठेवले ते गुलाम विकत घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाने.

अंबर म्हटले की मराठी कानाला आकाश ऐकू येते. पीतांबर, दिगंबर आपल्या घरातलेच! येथे मात्र शब्द अरबी आहे. देवमाशाच्या पोटात तयार होऊन लाटांवर तरंगत किनाऱ्याला लागणारा तो एक पदार्थ. ताजा असताना काळा आणि दुर्गंधी. वर्षानुवर्षे खारे पाणी व ऊन खाल्ल्यावर राखी होतो, आणि मग अत्तरवाले त्याला वाटेल ते मोल देतात. १५४८ च्या सुमारास हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेल्या चापू नावाच्या मुलाला बगदादच्या एका व्यापाऱ्याने हे नाव दिले. गुलामांची नावे अशीच असत. काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर याच पंक्तीतला. नावे कानाला गोड खरी. पण ती वखारीतल्या मालाची आहेत.

पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखानही एके काळचा गुलामच. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला, आणि चढत चढत निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. आता नाव बदलायला त्याला कोण अडवणार होते? तरी तो अंबरच राहिला. मागे ‘मलिक’ तेवढे लागले. अरबीत मलिक म्हणजे राजा, मालिक म्हणजे धनी आणि ममलूक म्हणजे ज्याच्यावर मालकी आहे तो. तिन्ही शब्दांचे मूळ एकच. आपले ‘मालक’ आणि ‘मुलूख’ही त्याच मुळाचे.

मग हे नाव कोणाचे? ज्याने ठेवले त्याचे, की ज्याने वागवले त्याचे?

जालन्याजवळच्या रोषणगावी १६१६ मध्ये मोगलांनी अंबरचा मोड केला आणि त्याने वसवलेली खडकी जाळली. त्याने ती पुन्हा उभी केली, आणि १६२४ मध्ये भातवडीला मोगल व आदिलशाही या दोन्ही फौजांना एकदम धूळ चारली. त्याच्या काळ्या रंगाला हिणवल्याशिवाय जहांगिराची लेखणी पुढे सरकत नसे. परंतु त्याच दरबारच्या मोतमिदखानाला, अंबर १६२६ मध्ये वारल्यावर, रणात आणि कारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता असे लिहावे लागले. आणि कुणब्याने तर याहून मोठा मान दिला. जमिनीचा कस पाहून त्याने जो सारा बसवला, त्याला लोक ‘मलिकंबरी धारा’ म्हणू लागले. मालाचे नाव मराठीत असे न्यायाच्या मापाला लागले.

म्हणून काही जण म्हणतात, की कर्तृत्वाने नावावरचा डाग धुऊन निघाला. मला हे पटत नाही. अंबर नावाला मोठेपणा आला तो अंबरने दिला. परंतु चापू हे नाव त्याच्यापासून हिरावले गेले, त्याची भरपाई कोणत्या विजयाने व्हावी? ज्या घरी ते नाव ठेवले, त्या घरी ते पुन्हा कोणी हाकारले नाही.

स्वतःच्या मुलाचे नाव ठेवायची पाळी आली, तेव्हा त्याने वखारीकडे पाहिले नाही. एकाचे नाव ठेवले फतेहखान. फतह म्हणजे विजय. मूळ अर्थ मात्र ‘उघडणे’. मौज अशी, की याच फतेहखानाने १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. आणि दुसऱ्या मुलाचे नाव? चंगीजखान. ज्या धन्याने आपल्याला विकत घेतले, त्याचेच. ते कृतज्ञतेने ठेवले, की आता हे नाव हाकारणारा मी आहे या समाधानाने, हे खुलताबादच्या त्या घुमटाखाली निजलेल्या माणसालाच ठाऊक.