पहिला मुक्काम आळंदीतच



आषाढीला माळ घालून गेलेले काही नवे वारकरी कार्तिकीला दिसत नाहीत. आम्ही चौकशी करतो. शेतीची कामे असतात, घरी दुखणेबाणे असते, ते खरेच. पण काहींचे कारण निराळे असते आणि ते शेजाऱ्याकडून कळते. "महाराज, त्याचा नेम मोडला. आता तोंड दाखवायला लाजतोय." वाळवंटात, टाळमृदंगाच्या गजरात, भक्तीच्या भरात त्याने नेम घेतलेला असतो. रोज ज्ञानेश्वरीचा एक अध्याय, दोन वेळा हरिपाठ, शिवाय निर्जळी एकादशी! आता, बाराव्या अध्यायाच्या ओव्या अडीचशेच्या आत आणि अठराव्याच्या अठराशेच्या घरात, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. श्रावण उजाडेपर्यंत निभते. मग एक दिवस खुरपणीवरून यायला रात्र होते, दुसऱ्या दिवशी पाहुणे येतात, तिसऱ्या दिवशी पोथी सोडायचीच भीती वाटते. 'आपल्याच्यानं हे व्हायचं नाही' असे मन घेऊन बसते.

नेम मोडला त्याहून हे वाईट. नेम उद्या पुन्हा धरता येतो. पण ज्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला, तो माळ काढून खुंटीला अडकवतो. आणि माळेपायी सुटलेली दारू पुन्हा त्या घराचा उंबरा ओलांडते. मग त्या बायकापोरांचे काय होते, ते आम्ही पाहिले आहे.

अशांसाठी भगवंतांनी आणि माउलींनी काय सोय करून ठेवली आहे, ते बाराव्या अध्यायात पाहावे. भगवंत अर्जुनाला प्रथम म्हणतात, मन-बुद्धी माझ्या ठायी ठेव. ते जमत नसेल तर अभ्यास कर. तोही होत नसेल तर कर्मे माझ्यासाठी कर. तेही नाही, तर फळाची आशा तेवढी सोड. देव दर वेळी एक पायरी खाली उतरतो. अर्जुनाला 'तू नालायक आहेस' असे कोठेही म्हणत नाही. त्यावर माउलींनी केलेला विस्तार तर फारच गोड आहे. आठही प्रहर चित्त देता येत नाही ना? मग त्यातला एक निमिष दे, म्हणतात. तेवढ्या निमिषात जे सुख भेटेल, तेवढा विषयांचा वीट येईल. शरद ऋतू लागला की नदीचे पाणी ओसरू लागते, पौर्णिमेनंतर चंद्र दिवसेंदिवस कमी होत अमावास्येला दिसेनासा होतो, त्या चालीने चित्त प्रपंचातून निघेल. नदी एका रात्रीत आटावी असा हट्ट माउलींनी धरला नाही. अभ्यासाने विषही अंगी पचते, असेही त्यांनी तेथेच सांगून ठेवले आहे.

आपली वारी तरी काय सांगते? ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचे प्रस्थान होते. समाधी मंदिरातून पालखी निघते आणि त्या रात्री मुक्काम कोठे? आळंदीतच! पंढरी साठ-सत्तर कोस दूर, आणि पहिल्या दिवशी गावाची वेससुद्धा ओलांडायची नाही. दुसऱ्या दिवशी पुणे. तेथे दोन रात्री विसावा. पाय रुळल्यावर मग दिवेघाट आणि सासवडची लांब मजल. आळंदीतून निघताना थेट दिवेघाट लागता, तर नवखे कितीजण टिकले असते? घाटात जुने वारकरी नव्याला सांगतात, "वर बघू नको रं, म्होरल्याच्या टाचा बघ." तो चढून जातो. दुसऱ्या वर्षी तोच कोणा नव्याला तेच सांगत असतो. हल्ली आत्मविश्वासावर शहरांत तिकिटे लावून व्याख्याने होतात म्हणे. होवोत बापडी.

आमच्या दिंडीतल्या एका नेम मोडलेल्या गृहस्थाला आम्ही हेच सांगितले. जुना नेम पांडुरंगाच्या पायी ठेव आणि हरिपाठातला एकच अभंग रोज म्हण, पण आंघोळ झाल्याबरोबर, देवापुढे उभा राहून. तो म्हणाला, "एवढ्यानं काय व्हनार, महाराज?" आम्ही म्हणालो, "एवढं तरी चाळीस दिवस करून दाखव. मधे चुकलं तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. पहिल्यापासून मोजायचं नाही." चाळीस दिवसांनी आला तेव्हा त्याने अभंगाचे काही सांगितले नाही. म्हणाला, "महाराज, मी बोललेलं माझ्याच्यानं पाळवतं." ज्याला असे वाटू लागले, त्याला दुसरा अभंग द्यायला हरकत नाही. घाई मात्र करू नये. त्याला आम्ही आणखी महिनाभर एकावरच ठेवले.

ज्ञानेश्वरीचेही तसेच. ओव्या सुमारे नऊ हजार. रोज पाच म्हटल्या तर पाच वर्षांत ग्रंथ पुरा होतो. पाच वर्षे फार वाटतात खरी; पण 'पुढच्या चातुर्मासात सगळी वाचीन' म्हणता म्हणता ज्यांची दहा वर्षे गेली, असे पुष्कळ आहेत. अक्षरओळख नसलेल्या मायबहिणींनी नातवाकडून एक ओवी वाचवून घ्यावी आणि दळणकांडण करताना ती दिवसभर घोळवावी. त्यांचे पाठांतर पुष्कळदा शिकलेल्यांहून पक्के निघते.

आळंदीपासून चालणे झेपणार नाही म्हणून जे घरी बसतात, त्यांनी यंदा वाखरीला यावे. तेथून पंढरपूर शेवटची आखूड मजल आहे. तेवढीच चालावी. पुढल्या वर्षी भंडीशेगावपासून, त्याच्या पुढल्या वर्षी वेळापूरपासून. दिंडीत जागा आहे. पडशीत एक पांघरूण आणि पाण्याचा तांब्या असू द्यावा.