उरलेल्या नऊ धावा

जिंकणाऱ्याने कसे वागावे, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवले जाते. कहाणीतल्या वसा घेणारणीप्रमाणे त्याने उतू नये, मातू नये. पण हरणाऱ्याने कसे वागावे? त्याला आपण फार तर 'वाईट वाटून घेऊ नकोस' एवढेच सांगतो. जणू काही हरणे ही नुसती सोसायची गोष्ट आहे, तीत करण्यासारखे काही नाही! मला मात्र वाटते, की हरणाऱ्याच्या वाट्यालाही एक कर्तव्य येते आणि ते जिंकणाऱ्याच्या कर्तव्याहून अवघड असते. दिवाळीच्या सुट्टीत घरोघर पत्त्यांचे डाव पडतात. चार हात झाले, की ज्याच्याकडे हुकमाचे पान नाही तो हातातली पाने टाकतो आणि म्हणतो, 'मला नाही खेळायचे!' अशा वेळी हिरमुसतो कोण? ज्याची पाने चांगली असतात तो. त्याचा एक्का त्याच्या हातातच असतो, पण आता तो उतरायचा कोणावर?

आपल्या क्रिकेटच्या इतिहासात अशी पाने एकदा पुण्यास टाकली गेली. १९४८-४९ चा रणजी करंडकाचा मोसम. तेव्हा ही स्पर्धा बाद-पद्धतीची होती. हरला तो घरी गेला. डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राची गाठ काठेवाडशी पडली. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. कमल भांडारकरांनी २०५ धावा काढल्या आणि दोघांनी मिळून दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. भांडारकर गेले, निंबाळकर राहिले. तिसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या, त्यांत निंबाळकरांच्या नाबाद ४४३. त्या वेळी जगातला उच्चांक होता डॉन ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या, पुढे जायला दहा. खेळ विश्रांतीसाठी थांबला आणि काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी सामना सोडून दिला. त्या नऊ धावा कायमच्या राहिल्या.

ठाकोरसाहेबांना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण त्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. अपुऱ्या राहिलेल्या सामन्याचा निकाल पहिल्या डावाच्या आघाडीवर लागत असे. म्हणजे महाराष्ट्राची २३९ वी धाव झाली, तेव्हाच खरा प्रश्न सुटला होता. त्यानंतरच्या जवळजवळ सहाशे धावांमागे अकरा माणसे धावली ती कशासाठी? दुसऱ्याच्या कीर्तीसाठी! मुलांना उन्हातून घरात बोलावणाऱ्या बापाची माया या निर्णयात कोणाला दिसली, तर मी त्याला हसणार नाही. शिवाय, आपल्या संघाचे नाव अशा विक्रमाला चिकटू नये, अशी त्यांची इच्छा होती असे सांगतात. तीही माणसाला शोभणारीच इच्छा आहे.

पण या इच्छेचे पुढे काय झाले ते पाहा. १९५९ साली हनीफ महंमदने कराचीत ४९९ धावा काढल्या, १९९४ साली ब्रायन लाराने नाबाद ५०१. हे डाव झाले बहावलपूर आणि डरहॅम या संघांविरुद्ध. त्या संघांना आज कोणी नावे ठेवतो काय? ज्या ब्रॅडमनच्या विक्रमाची ही गोष्ट, त्याच्यासमोर क्वीन्सलँडचा संघ होता. त्या सामन्यात त्याला जिंकण्यासाठी ७७० धावा हव्या होत्या आणि तो ८४ धावांत बाद झाला. तरीही क्वीन्सलँड मैदान सोडून गेले नाही. म्हणूनच ब्रॅडमनचे ४५२ पुरे झाले. निंबाळकर थांबले असते तरी त्यांचा उच्चांक दहा वर्षांत मागे पडला असता आणि काठेवाडचे नावही त्याबरोबर विस्मरणात गेले असते. उठून गेल्यामुळेच ते राहिले.

यावर कोणी चतुर वाचक मला धर्मराजाची आठवण देईल. हरत असताना उठायचे नाही, हाच जर धर्म, तर द्यूतसभेत युधिष्ठिराने केले तेच बरोबर म्हणायचे! नाही. त्या सभेत फासे कपटाचे होते आणि पणाला लागली होती भावंडे आणि बायको. जिथे खेळच खोटा आहे किंवा दुसऱ्याचे आयुष्य डावावर आहे, तिथून उठणे हेच शहाणपण. पण पुण्याच्या मैदानावर खेळ सरळ होता. पणाला लागला होता थोडा अभिमान आणि एक दुपार. एवढे तर समोरच्याला द्यायला हरकत नव्हती.

आणि याच मोसमात, याच पुण्यात दैवाने महाराष्ट्रालाही पारख्याच्या काट्यावर ठेवले. मार्च १९४९ मध्ये उपांत्य सामन्यात समोर मुंबई आली. मुंबईने ६५१ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७. मुंबई पुन्हा खेळायला आली आणि ८ बाद ७१४ पर्यंत खेळतच राहिली. आता महाराष्ट्राला जिंकण्यासाठी हव्या होत्या ९५९ धावा! इतक्या धावा शेवटच्या डावात कोणी केल्या नव्हत्या, आजवरही केलेल्या नाहीत. तीन महिन्यांपूर्वी काठेवाडला वाटले असेल तेच आता महाराष्ट्राला वाटले असणार. पण महाराष्ट्राने पाने टाकली नाहीत. सात दिवस चाललेल्या त्या सामन्यात त्याने शेवटच्या डावात ६०४ धावा केल्या आणि मग तो ३५४ धावांनी हरला. दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या. प्रथम दर्जाच्या एकाही सामन्यात अजून तेवढ्या झालेल्या नाहीत. मुंबईने पुढे बडोद्याला हरवून करंडक नेला. पण हा विक्रम एकट्या मुंबईचा नाही. त्यातल्या १०११ धावा हरलेल्यांच्या आहेत.

मला या दोन सामन्यांतून एवढेच दिसते. जिंकणे एकट्याला साधत नाही; त्याला समोर उभा राहणारा कोणी लागतो. वर्गात पहिला येणाऱ्या मुलालाही, ज्यांनी मनापासून पेपर लिहिला अशी चाळीस मुले लागतात. हरणाऱ्याने उभे राहिले तर जिंकणाऱ्याच्या यशाला वजन येते आणि त्याच्या स्वतःच्या हरण्यालाही. उतू नये, मातू नये हे जिंकणाऱ्यासाठी खरे. पण घेतला वसा टाकू नये, हे हरणाऱ्यासाठी आहे.

निंबाळकर कसोटी सामना कधीच खेळले नाहीत. २०१२ साली, ब्याण्णव वर्षांचे होऊन ते गेले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाचा सर्वांत मोठा डाव अजूनही त्यांचाच आहे. त्या आकड्यापुढे 'नाबाद' असे लिहिलेले असते. त्यांना कोणी बाद केले नाही, हे तर खरेच; पण पुढचा चेंडूही कोणी टाकला नाही.