रोजचं पान

पेडण्याच्या बाजारातल्या एका खाणावळवाल्याने गल्ल्याशेजारी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. दोन क्लाउनफिश, चार दगड, वर निळसर दिवा. गिऱ्हाईक खूश, मालक त्याहून खूश. पुढे टाकीत न बोलावलेले पाहुणे आले: दगडांवर हिरव्या केसांचे झुबके, वाळूवर तांबडी साय, कपारींत हिरवे मणी.

मालकाच्या लेखी सगळं शेवाळच. त्याने ब्रश घेतला आणि खसाखसा घासलं. केस तुटले, बुडखे दगडालाच राहिले. मणी फुटले आणि त्यांच्यातले बीजाणू टाकीभर पसरले. तांबडी साय तर शेवाळही नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाच्या जीवाणूंचा तो थर. उडाला नि पुन्हा बसला.

शापोरा नदीकाठच्या आगरवाड्याहून मीठ घेऊन येणारे एक म्हातारे चहा पिता पिता बघत होते. वाढपी जाता-येता चिमूटभर खाद्य टाकायचा, गिऱ्हाइकांची पोरंही टाकायची, रात्री मालक मूठभर. दिवा मध्यरात्रीपर्यंत चालू. पाणी आटलं की विहिरीचं ओतायचं.

"मासे किती रे बाबा?"

"दोन, आजोबा."

"आणि वाढतोस किती जणांचं?"

मालक नुसता हसला.

"उरलेलं खायला कोणीतरी येणारच. मिठागरात आम्ही पावसाचं पाणी काढतो, तळ साफ करतो, मगच खारं पाणी घेतो. तू शेवाळ उपटतोस, पण त्याचं पान रोज मांडतोस."

मालकाला ते लागलं. खाद्य दिवसातून एकदा, तेही मासे लगेच संपवतील एवढंच. दिवा आठ तास. आटलेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी, आणि दर आठवड्याला थोडं जुनं काढून तेवढंच खारट नवं. केसाळ दगड बाहेर काढून त्याने झुबके मुळापासून उपटले, मणी न फोडता अख्खे सोडवले. साय नळीने ओढून घेतली आणि पंपाचं तोंड त्या साचल्या कोपऱ्याकडे वळवलं.

केस ओसरायला दोन महिने लागले. मणी अजून एखादा दिसतो, तो काढावा लागतो. मागच्या काचेवरचं हिरवं त्याने टाकीत सोडलेल्या गोगलगायींसाठी ठेवलंय. पोरं मात्र रुसली. त्यांना आता गल्ल्यावरची बडीशेप मिळते.