वैशाखातला कुडा

वैशाखात सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत करपलेले असते, ओढे आटलेले असतात, आणि नेमका तेव्हाच कुडा फुलतो. नव्या पालवीतून पांढऱ्या फुलांचे घोस बाहेर येतात. एकेक फूल पाच पाकळ्यांचे, बारीक नळीचे. वास मंद, तापलेल्या पायवाटेवर आधी तो येतो, झाड मागाहून दिसते.

कालिदासाच्या यक्षाने रामगिरीवर मेघाला अर्घ्य दिले ते याच कुड्याच्या, म्हणजे संस्कृतातल्या कुटजाच्या, ताज्या फुलांचे. पावसाच्या तोंडावर डोंगरात जे खरोखर फुललेले असते तेच कवीने यक्षाच्या ओंजळीत ठेवले. त्याने झाड पाहिलेले होते.

वैद्यांनी मात्र त्याची साल पाहिली. चरकसंहितेत मूळव्याधीवरच्या दहा औषधींत कुटजाचे नाव पहिले येते. अतिसार आणि आमांश यांवर सालीचा काढा पूर्वापार चालत आला आहे. बी म्हणजे इंद्रजव. जिभेवर ठेवला तर कडवटपणा बराच वेळ जात नाही. कुटजारिष्ट आजही दुकानात मिळते. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडाला जुने नाव दिले तेच मुळी ‘अँटिडिसेंटेरिका’, म्हणजे आमांश हटवणारा. सालीतल्या कोनेसिन या द्रव्याचा आमांशाच्या अमिबावर परिणाम होतो, हे पुढे प्रयोगशाळेतही दिसले.

कोकणातल्या बायकांनी त्याच्याशी तिसरेच नाते जोडले. फुले निवडायची, धुवायची, कडूपणा कमी करण्यासाठी वाफवून पिळायची, मग कांद्याच्या फोडणीत भिजवलेल्या मूगडाळीबरोबर परतून वर ओले खोबरे. थोडी कडू चव राहतेच, आणि राहायलाच हवी. कोवळ्या शेंगांचीही भाजी होते.

या तीन नात्यांत घरातले नाते सगळ्यांत शहाणे वाटते. फुले खुडली तरी झाड उभे राहते. सालीचे तसे नाही. खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली की पानांतले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळते. कुडा चिवट आहे, तोडलेल्या बुंध्यातूनही फुटतो. पण साल पुन्हा जाड व्हायला वर्षे जातात आणि मागणी तेवढी थांबत नाही.

त्यात ओळखीचाही प्रश्न आहे. या कुड्याला पांढरा कुडा म्हणतात, आणि त्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची, म्हणजे दुसऱ्याच झाडाची, साल बाजारात येते. सुकलेल्या तुकड्यांवरून फरक कळणे अवघड. रानात मात्र तो शेंगांत दिसतो. दोघांच्याही शेंगा जोडीने लोंबतात. काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याची मोकळी. गुराख्याला हे माहीत असते. वाळलेली साल विकत घेणाऱ्याला ते कळायला वावच नसतो, म्हणून झाड ओळखणारा माणूस झाडाइतकाच जपायला हवा.

बांधावर कुडा असेल तर सरपणासाठी त्यावर कोयता चालवण्याआधी एक उन्हाळा थांबा. वैशाखात त्याच्याखाली जाऊन उभे राहा, फुले खुडा आणि खोड तसेच ठेवा.