पिंजरा टाळणारे फिर्यादी

जून 1994 मध्ये मद्रासच्या ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकाकडे तुरुंग महानिरीक्षकांचं पत्र आलं. ऑटो शंकर हा सहा खुनांबद्दल फाशीची शिक्षा झालेला कैदी तेव्हा तुरुंगात होता. त्यानं तीनशे पानांचं आत्मचरित्र लिहून बायकोच्या हवाली केलं होतं आणि साप्ताहिकानं ते क्रमशः छापण्याची जाहिरात केली होती. काही सनदी आणि पोलीस अधिकारी आपल्या गुन्ह्यांत भागीदार होते, असं त्यात शंकरनं लिहिल्याचं सांगितलं जात होतं. महानिरीक्षकांचं म्हणणं असं, की हे लिखाण शंकरचं नाहीच. शिवाय कैद्याच्या नावानं असं काही छापणं तुरुंगाच्या नियमांविरुद्ध आहे, तेव्हा छापाल तर कायदेशीर कारवाई होईल. पत्र लिहिणारे एक, आणि ज्यांची अब्रू जाणार होती ते दुसरेच.

संपादक आर. राजगोपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. 7 ऑक्टोबर 1994 ला न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालानं अधिकाऱ्यांना सांगितलं, की छापण्याआधी अडवण्याचा हक्क तुम्हाला कोणत्याही कायद्यानं दिलेला नाही. बदनामी झालीच तर छापून आल्यावर दावा लावा. तो मजकूर तुमच्या सरकारी कामाबद्दल असेल, तर निव्वळ तो चुकीचा निघाला एवढ्यावर भरपाई मिळणार नाही. खऱ्याखोट्याची फिकीर न करता तो छापला हे तुम्हाला दाखवावं लागेल. पत्रकारानं वाजवी पडताळणी केली असली की त्याची सुटका. आणि सरकारला किंवा नगरपालिकेला तर संस्था म्हणून बदनामीच्या भरपाईचा दावा लावताच येणार नाही.

निकाल उत्तमच होता. फक्त शेवटाकडे एक खुलासा होता: भारतीय दंडविधानाच्या 499 आणि 500 या कलमांना, म्हणजे फौजदारी बदनामीला, आम्ही हात लावलेला नाही, तो प्रश्न योग्य खटला येईल तेव्हा पाहू. तो खटला यायला जवळजवळ 22 वर्षं लागली. 13 मे 2016 ला सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ही कलमं घटनेला धरून असल्याचं सांगितलं. दिवाणी दार अरुंद झालं होतं, फौजदारी दार होतं तसं सताड उघडं राहिलं, आणि सत्तेतल्या माणसांनी तेच वापरलं.

ही कलमं रद्दच करावीत, असा एक जुना वाद आहे. तो मला पटतो, पण या लेखात मला त्याहून लहान गोष्ट सांगायची आहे. बातमीवरून कोर्टाची धमकी देणाऱ्या सत्ताधाऱ्याला कोर्टातलं सगळं हवं असतं: समन्स, तारखा, आरोपीची हजेरी. नको असते ती एकच गोष्ट, स्वतःची उलटतपासणी. आणि आपला कायदा त्याची ही हौस सरकारी खर्चानं पुरवतो.

तुमच्या-माझ्यासारख्याची बदनामी झाली, तर फौजदारी फिर्याद घेऊन आपल्याला स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागतं. मॅजिस्ट्रेट शपथेवर आपला जबाब घेतो, तो पटला तरच समोरच्याला समन्स निघतं. मंत्र्यासाठी किंवा सरकारी नोकरासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 199(2) नं वेगळी वाट ठेवली होती. सरकारनं मंजुरी द्यायची, सरकारी वकिलानं थेट सत्र न्यायालयात फिर्याद दाखल करायची, फिर्यादीसाठी साहेबांनी पायरीही चढायची नाही. सुरुवातीचा तो शपथेवरचा जबाब नाही आणि वकिलाची फीही नाही. त्यापुढचं कलम 237 तर वाचण्यासारखं होतं. दोन्हीपैकी कुणा एका पक्षानं मागणी केली, तर हा खटला बंद दाराआड चालवायचा. खटला विनाकारण केला होता असं दिसलं, तर त्या साहेबांकडून आरोपीला भरपाई देववायची, पण ती 1,000 रुपयांहून जास्त नको. 1973 च्या संहितेतला हा आकडा होता. वर्षानुवर्षं कोर्टात खेपा घालणाऱ्या संपादकाच्या प्रवासखर्चालाही तो पुरायचा नाही.

ही वाट 1955 च्या दुरुस्तीनं संहितेत आली. अधिकाऱ्यावर जाहीर आरोप झाले तर ते तसेच लोंबकळत राहू नयेत, कोर्टात त्यांचा निकाल लागावा, हे तिचं समर्थन. हेतू वाईट म्हणवत नाही. पण ज्या गोष्टीनं निकाल लागायचा, ती साहेबांची साक्षच या वाटेनं सर्वांत दूर गेली.

तमिळनाडूत हे कसं वापरलं गेलं, याचा हिशेब 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जयललितांच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत राज्य सरकारनं बदनामीचे 213 खटले भरले होते, त्यांतले 55 प्रसारमाध्यमांवर. बाकीचे बहुतेक विरोधी पक्षांवर. टीका सहन करायला शिका, अशा अर्थाच्या कानपिचक्या न्यायालयानं दिल्या. पुढे 21 मे 2020 ला मद्रास उच्च न्यायालयानं ‘द हिंदू’चे एन. राम, ‘नक्कीरन’ आणि इतर काही वृत्तपत्रांवरच्या अशा फिर्यादी रद्द केल्या. सरकारी वकील म्हणजे टपाल कचेरी नव्हे, आलेला कागद पुढे ढकलण्याऐवजी त्यानं स्वतःची बुद्धी वापरायला हवी, असं त्या निकालात बजावलं आहे. 2021 मध्ये सरकार बदललं आणि स्टालिन यांनी पत्रकारांवरचे असे 90 खटले मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

पत्रकार सुटले, चांगलंच झालं. पण बातम्यांचं काय? त्या खऱ्या होत्या की खोट्या? खटले भरणाऱ्या सरकारला ते शोधायचं नव्हतं, मागे घेणाऱ्याला त्याची गरज उरली नाही, आणि मधली वर्षं तारखांमध्ये गेली.

मोठ्या वृत्तपत्राकडे निदान वकिलांची फौज असते. तालुक्याच्या बातमीदाराला एवढ्या यंत्रणेचीही गरज पडत नाही, त्याला नोटीस पुरते. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं आहेत, अशी बातमी त्यानं दिलेली असते. आठवड्यानं रजिस्टर्ड पाकीट येतं: माझ्या अशिलाच्या समाजातील प्रतिष्ठेस गंभीर बाधा पोहोचली असून आपण सात दिवसांत बिनशर्त माफी मागावी, अन्यथा पाच कोटी रुपये. दाव्यावर कोर्ट फी लागते. नोटिशीत कितीही शून्यं फुकट लिहिता येतात. ते पाकीट बातमीदाराच्या बायकोनं सही करून घेतलेलं असतं आणि रात्री जेवताना त्यातला आकडा मोठ्यानं वाचला जातो. जिल्हा कचेरीतून आवृत्तीप्रमुखांचा फोन येतो, ‘जरा बेतानं घ्या.’ दावा पुढे लागतच नाही. लावायचाही नसतो, कारण लावला तर हजेरीपट कोर्टात मागवला जाईल.

माल्टा या भूमध्य समुद्रातल्या चिमुकल्या देशात डाफ्ने कारुआना गालिझिया ही पत्रकार 16 ऑक्टोबर 2017 ला मोटारीतल्या बॉम्बनं मारली गेली, तेव्हा तिच्यावर बदनामीचे 47 खटले पडून होते. तिच्या मागे त्यांतले बरेच तिच्या कुटुंबावर चालू राहिले. अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री ख्रिस कार्डोना यांनी दावा लावताना तिची बँक खातीही गोठवून घेतली होती. तिच्या खुनानंतर 2018 मध्ये तो दावा निकाली निघाला तो मंत्रिमहोदय स्वतःच सुनावणीला हजर न राहिल्यामुळे. खाती गोठवायला तत्पर असलेल्या माणसाला साक्षीची तारीख जमली नाही.

यावर कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की पत्रं खोटं छापत नाहीत काय? छापतात. मराठी पत्रकारितेतला एक प्रसिद्ध तुरुंगवास खोट्या कागदांवरूनच झाला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालवला आहे, असा ‘केसरी’ आणि ‘मराठा’चा आरोप होता, रोख होता कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर. पुरावा म्हणून बर्व्यांची म्हणून मिळालेली पत्रं छापली गेली. बर्व्यांनी फिर्याद केली, पत्रं बनावट ठरली, आगरकर आणि टिळकांनी माफी मागितली, बर्व्यांनी ती घेतली नाही. जुलै 1882 मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून 101 दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. सुटून आल्यावर त्यांचं वाजतगाजत स्वागत झालं, ते आपल्याला ठाऊक असतं; पत्रं बनावट होती, हे सांगताना आपण आवाज खाली आणतो.

बर्व्यांवर त्या पत्रांनी अन्यायच झाला, हे म्हणायला आपली जीभ अडखळू नये. अशा माणसाला दाद मागायला दार हवंच. पण या प्रकरणाचा दुसरा अर्धा भागही आहे. डिसेंबर 1883 मध्ये ते छत्रपती अहमदनगरला नजरकैदेत, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. वयाची विशीही धड उलटली नव्हती. कागद खोटे होते, काळजी खोटी नव्हती. कोर्टात पत्रांचा निकाल लागला. महाराजांना कसं वागवलं जातं, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच. बदनामीचा खटला नेहमी असाच चालतो. छापणाऱ्याची चूक तपासायला तो उत्तम हत्यार आहे. कारभाराची चूक तपासायची तर कारभाऱ्याला बोलतं करावं लागतं.

सरकारांना खटल्याचाही कंटाळा येतो तेव्हा ती थेट कायदाच करू पाहतात. बोफोर्सच्या बातम्यांनी हैराण झालेल्या राजीव गांधी सरकारनं ऑगस्ट 1988 मध्ये बदनामी विधेयक लोकसभेत मंजूर करून घेतलं. देशभर पत्रकार रस्त्यावर उतरले आणि सप्टेंबरात ते मागे घ्यावं लागलं. राजस्थानात 2017 मध्ये वसुंधराराजे सरकारनं अध्यादेश काढला, की मंजुरी मिळेपर्यंत चौकशीतल्या सरकारी नोकराचं नावही छापायचं नाही, छापलं तर दोन वर्षं कैद. ‘राजस्थान पत्रिका’नं ‘जब तक काला, तब तक ताला’ म्हणत मुख्यमंत्र्यांच्याच बातम्या छापणं थांबवलं. काही महिन्यांनी सरकारनं माघार घेतली. असे उघड हल्ले परतवता येतात, कारण ते सगळ्यांवर एकदम होतात. नोटीस एकट्याला येते.

1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्या 199 चं कलम 222 झालं, सरकारी वकिलाची वाट मात्र राहिली. ती मुळातूनच बुजवायला सरकार तयार होणार नाही, हे गृहीत धरू. मग निदान एवढं व्हावं: अशा खटल्यात पहिला साक्षीदार म्हणून खुद्द साहेबांनी पिंजऱ्यात उभं राहावं, आणि त्यांची उलटतपासणी पुरी होईपर्यंत आरोपीला एकाही तारखेला बोलावू नये. बातमीत उल्लेख असलेली फाइल त्यांनी येताना सोबत आणावी. वकिलाची फी त्यांनी पदरची भरावी. आणि दार बंद करून खटला चालवण्याची मागणी करायचा हक्क फक्त आरोपीला असावा.